मिलिमीटरात मावणारा मुलूख

वऱ्हाडात सापडणाऱ्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान वाघळाची कवटी शेजारी-शेजारी ठेवली, तर दोन्ही प्राणी एकाच गणातले आहेत हे पटायला वेळ लागतो. गावाबाहेरच्या वडा-चिंचांवर दिवसभर उलटं लटकणारं मोठं वटवाघूळ, शास्त्रीय नावानं टेरोपस मेडियस. त्याची कवटी सुमारे सात सेंटीमीटर लांब भरते. तोंड लांबट, डोळ्यांच्या खोबण्या मोठ्या, सुळे दणकट. दुसरं वाघूळ कवेलूंच्या सांदीत, खिडकीच्या चौकटीमागे, दुकानाच्या पाटीखाली राहतं आणि दिवेलागणीला अंगणातल्या दिव्याभोवती भिरभिरतं. हे छोटं पिपिस्ट्रेलस. त्याचं वजन अवघं तीन-चार ग्रॅम आणि कवटी शेंगदाण्याएवढी, जेमतेम सेंटीमीटरभर. एवढ्याशा हाडात मेंदू, डोळे, तीसहून अधिक दात आणि माणसाच्या कानाला कधीच न ऐकू येणारा आवाज टिपणारं श्रवणयंत्र बसवलेलं असतं.

जगात वाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत आणि भारतात १३० च्या आसपास. दोन जातींच्या कवट्या वेगळ्या असणार हे उघड आहे. अभ्यासकांना खरं कोडं पडतं ते पुढचं. एकाच जातीचं वाघूळ तमिळनाडूत, पुण्यात आणि मेळघाटात पकडलं, तर त्या तिघांच्या कवट्या सारख्या भरतील का? भरणार नसतील, तर किती फरक पडला म्हणजे जात बदलली असं समजायचं? अमरावती-अकोल्याच्या वाघळांविषयी कुणी काही ठाम म्हणायचं ठरवलं, की हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. कारण वाघूळ ओळखण्यासाठी जी मापं ग्रंथांत छापलेली असतात, ती बहुतेक वेळा भलत्याच मुलखातल्या नमुन्यांवरून घेतलेली असतात.

ओळख पटवायला कवटीच का लागते, याचं कारण साधं आहे. स्पिरिटच्या बाटलीत ठेवलेल्या वाघळाचा रंग उडतो. वाळवलेलं कातडं आक्रसतं. पंखाचा पडदा फाटतो, कान गुंडाळले जातात. हाड आणि दात मात्र शंभर वर्षांनीही तसेच राहतात आणि त्यांचं माप पुन्हा घेता येतं. मोजायच्या जागाही ठरलेल्या आहेत: कवटीच्या मागच्या सांध्यापासून सुळ्यापर्यंतची लांबी, दोन्ही गालहाडांमधली रुंदी, मेंदूच्या पेटीची रुंदी, डोळ्यांमागच्या चिमटीची रुंदी, वरच्या सुळ्यापासून शेवटच्या दाढेपर्यंतची रांग आणि खालच्या जबड्याची लांबी. व्हर्नियर कॅलिपरच्या दोन टोकांत ही नाजूक वस्तू धरायची म्हणजे हात स्थिर लागतो. जरा जोर झाला की गालहाडाची कमान तुटते, आणि जुन्या संग्रहांतल्या कित्येक कवट्यांची ती तुटलेलीच असते.

मोजण्याआधी आणखी एक खात्री करावी लागते, ती वयाची. वाघळाचं पिलू थोड्याच आठवड्यांत मोठ्यांएवढं दिसू लागतं, पण त्याची कवटी अजून भरायची असते. जाणते अभ्यासक अशा वेळी त्याचा पंख अलगद उलगडून विजेरीसमोर धरतात. बोटांच्या सांध्यांत फिकट, उजेड आरपार जाऊ देणारा पट्टा दिसला, तर तिथली कूर्चा अजून हाडात बदललेली नाही; म्हणजे ते पिलूच. सांधा गोल आणि पूर्ण अपारदर्शक झाला की प्राणी प्रौढ. ही एक पायरी गाळली, की पिलांचं माप प्रौढांत मिसळतं आणि ‘या भागातली वाघळं लहान असतात’ असा खोटा शोध जन्माला येतो. नर-मादीचा हिशेबही वेगळा ठेवावा लागतो, कारण काही जातींत नर थोराड असतो, तर काहींत मादी.

आता कवटी वाचायची कशी ते पाहू.

फळं खाणाऱ्या वटवाघळाच्या दाढा माथ्यावर सपाट असतात आणि त्यांच्यामधून एक उथळ पन्हळ जाते. उंबर किंवा पेरू तोंडात घेऊन ते जिभेनं टाळूवर दाबतं, रस गिळतं आणि चोथा थुंकून देतं. मोहाच्या हंगामात मेळघाटातल्या झाडांखाली सकाळी असे चोथे आणि अर्धवट चुरगळलेली फुलं पडलेली असतात. या कामाला कापणारे दात लागत नाहीत. अंधारात वाट काढायलाही त्याला डोळा आणि नाक पुरतं, म्हणून खोबण्या मोठ्या आणि कानामागचं हाड साधं. याला अपवाद रुसेटसचा. ही मध्यम आकाराची फळखाऊ वटवाघळं लेण्यांत आणि जुन्या देवळांच्या अंधाऱ्या गाभाऱ्यांत राहतात. जिभेनं टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर ती भिंतींचा अंदाज घेतात.

लायरोडर्मा लायरा हे वाघूळ अगदी दुसऱ्या टोकाचं आहे. पूर्वी त्याला मेगॅडर्मा लायरा म्हणत. पडके वाडे, गढीतली तळघरं, न वापरलेली गोदामं ही त्याची घरं. ते किडे खातंच, शिवाय बेडूक, पाली, उंदीर, लहान पक्षी आणि प्रसंगी दुसरी छोटी वाघळंही खातं. त्याच्या बैठकीखालच्या जमिनीवर बेडकाचे पाय आणि पिसं सापडतात, त्यावरून त्याचा मुक्काम कळतो. त्याची कवटी हातात घेतली की पहिल्यांदा समोरची रिकामी जागा डोळ्यांत भरते: वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत. ते धरून ठेवणारं हाडही नाही. दोन सुळे तेवढे पुढे झेपावलेले दिसतात. दात मोजले तर एकूण २८. सावजाच्या हालचालीची खसखस ऐकून हे वाघूळ त्याच्यावर झडप घालतं आणि पुढे आलेल्या या सुळ्यांनी त्याला पकडतं. वऱ्हाडातलं दुसरं कुठलंही वाघूळ या कवटीशी गल्लत करण्याजोगं नाही.

तिसरा प्रकार नाकानं ओरडणाऱ्यांचा. बहुतेक कीटकभक्षी वाघळं तोंड उघडून आवाज सोडतात. पण ऱ्हायनोलोफस आणि हिपोसिडेरॉस या दोन वंशांतली वाघळं तोंड मिटून नाकपुड्यांतून आवाज फेकतात. नाकावरची पाकळ्या-पाकळ्यांची कातडी त्या आवाजाला दिशा देते. याचा कवटीवर होणारा परिणाम फार देखणा आहे. उडताना नाकपुड्या समोर याव्यात म्हणून मेंदूच्या पेटीच्या मानानं चेहऱ्याचं हाड खाली कललेलं असतं. नाकाच्या मुळाशी फुगवटे आलेले असतात. कवटी उलटी केली की तळाशी दोन मोठ्या शंखाकृती कुप्या दिसतात. हे अंतःकर्ण. ते इतके मोठे असतात, की त्यांच्यामधल्या हाडाला अगदी अरुंद पट्टीएवढीच जागा उरते. हिपोसिडेरॉस फल्व्हस या छोट्या वाघळाचा आवाज १५० किलोहर्ट्झच्या आसपास असतो, तर माणसाला ऐकू येण्याची हद्द २० किलोहर्ट्झपाशी संपते. ऱ्हायनोलोफस लेपिडस शंभराच्या आसपास बोलतं. सर्वसाधारणपणे शरीर जितकं लहान तितका आवाज चढा, म्हणून कवटी आणि आवाज ही दोन्ही मापं एकमेकांना धरून चालतात. पण ती जोडी कधीकधी फुटते, आणि त्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

किल्ल्यांच्या बुरुजांत आणि दगडी भिंतींच्या फटींत राहणाऱ्या टॅफोझोअसच्या कपाळावर खोलगट बशी असते आणि डोळ्यामागे हाडाचे लांब काटे. त्याचा आवाज २५ ते ३० किलोहर्ट्झच्या घरातला. उघड्या आकाशात उंचावर लांबचं हेरणाऱ्याला असाच खालचा सूर लागतो. रिनोपोमाला उंदरासारखी लांब, मोकळी शेपटी असते. त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना हाड फुगलेलं असतं, आणि नाकपुडी ही नुसती मिटता येणारी चीर. कोरड्या, धुळीच्या मुलखात राहणाऱ्याला ती उपयोगी पडते. हे वाघूळ शेपटीच्या मुळाशी चरबी साठवून भाकड दिवस काढतं. उन्हाळ्यात ४५ अंश ओलांडणारा वऱ्हाडाचा पारा त्याला परका नाही.

स्कोटोफिलस हीथाय या पिवळसर पोटाच्या वाघळाकडे वऱ्हाडकरांनी जरा निरखून पाहावं. ते घरांच्या छपरांत आणि ताडाच्या वाळक्या झापांत सहज सापडतं. त्याची कवटी बुटकी, जाड, आणि माथ्यावरून मागे जाणारी हाडाची धार इतकी उठावदार, की मागे तिचं टोकच निघतं. ही धार म्हणजे जबड्याच्या स्नायूंना बिलगायची जागा. धार मोठी तर स्नायू मोठा, स्नायू मोठा तर चावा जोरकस. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया फ्रीमन यांनी १९७९ आणि १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हे सूत्र नेमकं मांडलं: टणक भुंगे फोडणाऱ्या वाघळांचा जबडा जाड, दात थोडे पण मोठे आणि माथ्यावरची धार उंच, मऊ पतंग खाणाऱ्यांची कवटी बारीक आणि जबडा सडपातळ. वाघूळ हातात न घेता, नुसत्या जबड्याच्या जाडीवरून त्याचं रात्रीचं जेवण बरंचसं सांगता येतं.

कापूस, तूर आणि हरभरा पिकवणाऱ्या या पट्ट्यात त्या जेवणाला मोल आहे. कापसावरची हिरवी बोंडअळी आणि हरभऱ्यावरची घाटेअळी ही एकाच पतंगाची पिलावळ, आणि तो पतंग रात्री उडतो. अमेरिकेत टेक्ससच्या आठ कापूसउत्पादक काउंट्यांत २००६ साली एका अभ्यासानं हिशेब मांडला होता. बोंडअळीचे पतंग खाऊन तिथली मोकळ्या शेपटीची वाघळं शेतकऱ्यांचे वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर वाचवतात, असं त्यातून निघालं. अकोला-अमरावतीच्या शेतांवर असा हिशेब करायचा, तर आधी कुठल्या जातीचा जबडा पतंगाला सोयीचा आणि कुठल्या जातीचा भुंग्याला, हे वेगळं करावं लागेल. बैठकीखाली साचलेल्या लेंड्यांत पंखांचे आणि पायांचे तुकडे सापडतात, ते कवटीच्या साक्षीला जोडता येतात.

एवढी उजळणी झाल्यावर मूळ प्रश्नाकडे यायला हरकत नाही.

प्रदेशागणिक बदलणाऱ्या मापांचा भारतातला सगळ्यांत नेटका पुरावा एका ओळखीच्या वटवाघळानं दिला आहे. आखूड नाकाचं हे सायनॉप्टेरस स्फिंक्स केळी, पेरू, जांभळाच्या बागांत नेहमी दिसतं. ताडवर्गातल्या झाडांची पानं कुरतडून ते स्वतःसाठी तंबू बनवतं. जे स्टॉर्झ, थॉमस कुंझ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम घाटाच्या पूर्व उताराला समांतर अशी १,२०० किलोमीटरची उभी रेघ धरली, तिच्यावरच्या १२ ठिकाणी ही वटवाघळं मोजली आणि २००१ साली निष्कर्ष छापले. दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तसं वटवाघूळ पायरी-पायरीनं मोठं होत गेलं. त्यांनी जिवंत प्राण्यांची बाह्य मापं घेतली होती, कवट्या नव्हे. पण शरीर वाढलं की कवटीही बहुधा मागोमाग वाढते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बर्गमन यानं १८४७ साली मांडलेला नियम असंच सांगतो: थंड प्रदेशातले प्राणी त्याच घराण्यातल्या उष्ण प्रदेशातल्या प्राण्यांपेक्षा मोठे असतात, कारण मोठ्या देहाचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानानं कमी पडतो आणि उष्णता कमी गळते.

इथे जरा थांबायला हवं. त्या रेघेच्या उत्तरेकडे असलेल्या पुण्याला हिवाळ्यात गारठा पडतो हे खरं, पण तो काही ध्रुवप्रदेश नव्हे. मग नुसत्या थंडीनं हा फरक समजावता येतो का? अभ्यासकांत दुसरंही एक स्पष्टीकरण मानलं जातं. उत्तरेकडे जाताना वर्ष अधिक टोकाचं होतं: पावसाळ्यात चंगळ, नंतर लांबलचक कोरडा काळ. मोठ्या देहात साठा जास्त मावतो आणि उपासाचे दिवस निघतात. हा फरक योगायोगानं पडला असण्याची शंका स्टॉर्झ यांनी २००२ साली तपासली. ज्या जनुकीय खुणांवर निवडीचा परिणाम होत नाही, त्यांची तुलना त्यांनी शरीराच्या मापांशी केली. मापांतला फरक त्या खुणांच्या मानानं बराच मोठा निघाला. म्हणजे इथे निसर्गाच्या निवडीचा हात आहे.

ती रेघ घाटाच्या कडेनं गेली. वऱ्हाड तिच्या पूर्वेला राहिलं, आणि त्यामुळेच ते महत्त्वाचं आहे. अमरावती २१ अंश अक्षांशाच्या जवळ, अकोला तिच्या किंचित दक्षिणेला. दोन्ही पुण्याच्या बऱ्याच उत्तरेला. नियम सरळ लावला तर इथलं वटवाघूळ पुण्यापेक्षा थोराड असायला हवं. पण उन्हाळ्याचा पारा बघितला तर वऱ्हाड पुण्यापेक्षा कितीतरी तापतं. थंडीमुळे देह वाढतो की लांब कोरड्या हंगामामुळे, या दोन कारणांची गाठ सोडवायला याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही. शिवाय इथे अक्षांश न बदलता उंची बदलते. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आत, तर परतवाड्याहून घाट चढलं की चिखलदरा १,१०० मीटरच्या वर. पायथ्याशी मे महिन्यात अंगाची लाही होत असते, आणि वर गाविलगडाच्या तटावर संध्याकाळी वारा सुटलेला असतो.

एवढ्या जवळच्या दोन ठिकाणी कवटी बदलेल का? हे वाघळाच्या पंखांवर अवलंबून असणार. टॅफोझोअसचे पंख लांब, अरुंद, वेगासाठी बनलेले; एका रात्रीत ते मैलोन्‌मैल जातं. अशा जातीत डोंगरावरची आणि मैदानातली वाघळं एकमेकांत मिसळत राहतात आणि फरक टिकत नाही. ऱ्हायनोलोफसचे पंख रुंद आणि आखूड. ते झाडीत, गुहेजवळच फिरतं. नरनाळ्याच्या डोंगरातली आणि सातपुड्याच्या दुसऱ्या टोकाची ऱ्हायनोलोफस पिढ्यान्‌पिढ्या वेगळी राहिली असण्याची शक्यता जास्त. म्हणून मेळघाटात कुणी मोजायला बसलं, तर घोड्याच्या नालेच्या आकाराची कातडी नाकावर असलेल्या या वाघळापासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

मोजणी इथे पूर्वी झालेली आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ साली भारतातल्या सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण हाती घेतलं. पुढची बारा वर्षं ते चाललं आणि सुमारे २५,००० नमुने गोळा झाले. त्याची सुरुवात खानदेशातून झाली आणि लगोलग वऱ्हाडाची पाळी आली. सी. ए. क्रंप हे संग्राहक चिखलदऱ्याच्या पठारावर मुक्काम करून नमुने जमवत होते. अहवाल लिहायचं काम रॉबर्ट रॉटन यांच्याकडे होतं. हे वनखात्यातले निवृत्त अधिकारी. कवेलूंत राहणाऱ्या त्या शेंगदाण्याएवढ्या कवटीच्या वाघळाला १८९९ साली डांगच्या म्हेसकात्री इथल्या नमुन्यावरून ‘मायमस’ हे नाव देणारेही तेच. सर्वेक्षणाच्या प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी बांधली जाई: ठिकाण, उंची, तारीख, नर की मादी, अंगाची मापं. त्या चिठ्ठ्यांमुळे शंभर वर्षांपूर्वीची मोजणी आजही तपासता येते.

रॉटन यांच्या नावाचं एक वाघूळही आहे. बेळगावच्या खानापूर तालुक्यात, मराठी बोलणाऱ्या तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. १९१२ साली एस. एच. प्रेटर यांना तिथे मोठ्या कानांची, मोकळ्या शेपटीची वाघळं सापडली. पुढच्या वर्षी लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी त्यांना ओटोमॉप्स रॉटनाय हे नाव दिलं. त्यानंतर कित्येक दशकं ही जात या एकाच जागेवरून जगाला ठाऊक होती.

पण नावं देण्याच्या त्या काळात एक घोळही वाढला. त्या वेळचे शास्त्रज्ञ दोन-चार कवट्यांवर नवी उपजात उभी करत. नूट अँडरसन यांनी १९१८ साली हिपोसिडेरॉसच्या एका थोराड जातीचे भारतातून तीन प्रकार केले: एक गिरसप्प्याचा, दुसरा शिरसीचा आणि तिसरा ग्वाल्हेर संस्थानातल्या सिप्रीचा, म्हणजे आजच्या शिवपुरीचा. पुढे जास्त नमुने जमले तसं लक्षात आलं, की ही सगळी हिपोसिडेरॉस लंकादिवाच; केलार्ट यांनी १८५० साली श्रीलंकेतल्या कँडीहून वर्णन केलेली. गिरसप्पा आणि सिप्री यांच्यामधल्या हजारभर किलोमीटरांत माप हळूहळू बदलत असेल, तर दोन टोकांच्या कवट्या वेगळ्या दिसणारच. मधल्या मुलखाची कवटी हाती नसली, की उताराला पायऱ्या समजलं जातं. त्या मधल्या मुलखातच वऱ्हाड येतं.

याच्या अगदी उलट प्रकार मुंबईच्या त्याच सोसायटीच्या संग्रहात घडला. तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात १९४८ साली अँगस हटन यांनी एक फळखाऊ वटवाघूळ पकडलं. दिसायला ते सायनॉप्टेरससारखं, म्हणून त्याच नावाच्या चिठ्ठीनं ते कपाटात पडून राहिलं. थायलंडचे किट्टी थाँगलाँग्या यांनी ते पुन्हा बाहेर काढून तपासलं. वर आणि खाली पुढच्या दातांची एकेकच जोडी! सायनॉप्टेरसमध्ये त्या दोन-दोन असतात. १९७२ साली त्यांनी या वटवाघळासाठी लॅटिडेन्स हा नवा वंशच स्थापन केला आणि सलीम अली यांच्या नावानं जात ठरवली. दात मोजायला कुणी कवटी उघडून पाहिली नसती, तर ते चोवीस वर्षांनंतरही ‘साधं वटवाघूळ’ म्हणूनच नोंदलेलं राहिलं असतं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लॅटिडेन्स आणि तळेवाडीचं ओटोमॉप्स या दोघांना जागा मिळाली. इतर फळखाऊ वटवाघळं मात्र १९७२ पासून उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली.

आणि कवटी पुरत नाही असाही प्रसंग येतो. दक्षिण भारतातल्या ऱ्हायनोलोफस रौक्साय या वाघळाचे दोन गट वेगवेगळ्या सुरांत बोलतात, हे अभ्यासकांच्या लक्षात आलं. अंगकाठीनं दोघं जवळजवळ सारखे. जनुकं तपासल्यावर ते वेगळे निघाले आणि २०१२ च्या सुमाराला त्यातल्या एकाला इंडोरौक्साय हे नाव सुचवलं गेलं. आधी म्हटलेली कवटी आणि आवाजाची जोडी फुटते ती अशी. म्हणून मेळघाटात आज काम करणाऱ्याला कॅलिपरबरोबर आवाज टिपणारं यंत्र आणि पंखाच्या पडद्याचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा, असं तिन्ही लागतं.

त्यासाठी वाघळं मारायची गरज नाही. जिवंत वाघळाचा हात, कान, पाय मोजून त्याला सोडून देता येतं. कवट्या मिळवण्याचे मार्ग दुसरे आहेत: विजेच्या तारांवर चिकटून मेलेली मोठी वटवाघळं, पंख्याला धडकलेली छोटी वाघळं, विहिरीत पडलेली. गव्हाणी घुबड पचन न झालेली हाडं आणि केस गोळी करून ओकतं. त्या गोळ्या पाण्यात भिजवून उकलल्या की उंदीर-चिचुंद्र्यांबरोबर कधी वाघळाचीही अखंड कवटी हाती लागते. अर्थात वन्यप्राण्याचं हाड असो की पीस, ते गोळा करायला वनखात्याची परवानगी लागतेच.

मोजणाऱ्यानं स्वतःलाही मोजावं लागतं. दहा मिलिमीटरच्या कवटीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे शेकडा एक. दोन ठिकाणच्या वाघळांतला खरा फरकही कधी दोन-तीन टक्क्यांचाच असतो. म्हणून तीच कवटी आठवड्यानं पुन्हा मोजतात आणि दुसऱ्या माणसाकडून तिसऱ्यांदा मोजून घेतात. आता कवटीच्या त्रिमिती प्रतिमा काढून तिच्यावर ठरलेले बिंदू टाकण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिच्यामुळे आकारमान आणि घडण वेगवेगळी करता येते. कवटी मोठी झाली की तोंडच लांबलं, हे जुन्या कॅलिपरला नीट सांगता येत नसे.

या कामाची घाई करण्याला कारण आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १२ जानेवारी २००२ ला पारा ४२ अंशांवर गेला आणि नऊ वसाहतींतली साडेतीन हजारांहून जास्त मोठी वटवाघळं एका दिवसात मेली. वऱ्हाडात मे महिन्यात ४२ अंश ही रोजचीच गोष्ट. इथली वटवाघळं दुपारभर पंखांनी वारा घेत, अंग चाटत तग धरतात. पण वाढत्या उष्णतेत मोठा देह त्यांना फायद्याचा ठरेल की अंगाशी येईल? बव्हेरियातल्या बेकस्टाइन वाघळांच्या दीर्घ अभ्यासानं २०२१ साली अनपेक्षित उत्तर दिलं. उष्ण उन्हाळ्यात जन्मलेल्या माद्या बर्गमनच्या नियमाविरुद्ध मोठ्या वाढल्या, कारण ऊब मिळाल्यानं आईची ताकद दुधासाठी वाचली. मोठ्या माद्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण मात्र जास्त होतं.

वऱ्हाडात काय घडतं आहे हे पाहण्यासाठी १९११ च्या सर्वेक्षणातल्या कवट्या आणि आजच्या कवट्या यांची तुलना हा सरळ मार्ग आहे. सायनॉप्टेरससाठी अकोल्याची आणि अचलपूर-अंजनगावकडची केळीची शेतं, ऱ्हायनोलोफससाठी चिखलदरा आणि नरनाळा, रिनोपोमा आणि टॅफोझोअससाठी बाळापूरसारखे किल्ले आणि गावोगावच्या गढ्या. नर-मादी वेगळे, प्रौढच घेतलेले, मोजणारे तेच, आणि प्रत्येक नमुन्याला क्रंप बांधत तशी चिठ्ठी: ठिकाण, उंची, तारीख.